ल हाव्रचं सेंट जोसेफ: मनोऱ्याच्या पोटात बसलेलं चर्च

प्रश्न असा आहे. वास्तुकलेच्या अभ्यासदौऱ्यात फ्रान्समधल्या ल हाव्र या बंदरगावात दोन दिवस मिळणार आहेत. तिथलं सेंट जोसेफ चर्च बाहेरून 'एखाद्या ऑफिसच्या टॉवरसारखं' दिसतं, तर ते वाचायचं कसं? समुद्रकाठी उघडं काँक्रीट इतकी वर्षं टिकलं कसं? आणि दादरच्या पोर्तुगीज चर्चशी त्याची तुलना होऊ शकते का?

ऑफिसच्या टॉवरची उपमा चुकीची नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्या अनेकांना ते दीपस्तंभ वाटतं, आणि ते वाटणं वास्तुकाराला अमान्य झालं नसतं. गफलत पुढे होते. आपण चर्च म्हणजे एक लांब सभागृह आणि त्याला चिकटलेला घंटेचा मनोरा असं चित्र डोक्यात घेऊन जातो. इथे सभागृहाला मनोरा जोडलेला नाही. मनोरा हेच चर्च आहे आणि लोक त्याच्या पोटात बसतात. एवढं ध्यानात ठेवलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

आधी इतिहास, कारण तो समजल्याशिवाय उंचीचा अर्थ लागत नाही. ल हाव्र हे सेन नदीच्या मुखाशी, इंग्लिश खाडीवरचं बंदर. जर्मन फौज तिथे तळ ठोकून होती. ५ आणि ६ सप्टेंबर १९४४ ला ब्रिटिश विमानांनी शहराचा मध्यभाग जमीनदोस्त केला, आणि १२ सप्टेंबरला शहर मुक्त झालं. तोवर सुमारे १५० हेक्टर सपाट झाले होते, १२,५०० इमारती गेल्या होत्या, ८०,००० माणसं बेघर होती. युद्धाच्या सगळ्या वर्षांत मिळून शहरातले सुमारे ५,००० नागरिक मेले. जुनं सेंट जोसेफ चर्चही याच बॉम्बवर्षावात नाहीसं झालं. शहर पाडलं ते सोडवायला आलेल्यांनी, हे शल्य तिथे फार काळ राहिलं. अशा मृतांचं स्मारक करायचं तर त्यावर विजयाची भाषा कोरता येत नाही. माझ्या मते या चर्चवर बाहेरून जवळपास काहीच 'लिहिलेलं' नाही, नुसती उंची आहे, त्यामागे हेही एक कारण असावं.

१९४५ मध्ये शहराच्या पुनर्बांधणीचं काम ओग्युस्त पेरे या वास्तुकाराकडे आलं. वय ७१. वडील पाथरवट, पॅरिसमध्ये पेरे बंधूंची बांधकाम कंपनी होती, म्हणजे नकाशा काढणारे तेच आणि काँक्रीट ओतणारेही तेच. १९०३-०४ ची फ्रँकलिन रस्त्यावरची निवासी इमारत, १९१३ चं शाँझेलिझे थिएटर, १९२२-२३ चं ल रँसीचं चर्च ही त्यांची आधीची कामं. ल रँसी मुद्दाम लक्षात ठेवा. तेही महायुद्धातल्या, पण पहिल्या महायुद्धातल्या, मृतांच्या स्मरणार्थ बांधलेलं काँक्रीटचं चर्च आणि त्याच्या भिंती म्हणजे जाळीत बसवलेल्या रंगीत काचा. तिथल्या काचांवर काम केलेली मार्गरीत ह्युरे ३० वर्षांनी ल हाव्रलाही आली. मनोऱ्याची कल्पनाही नवी नव्हती. पॅरिसमध्ये जोन ऑफ आर्कच्या नावाने बांधायच्या चर्चसाठी १९२६ मध्ये स्पर्धा झाली, तिच्यासाठी पेरेनी उंच मनोऱ्याचंच चर्च काढलं होतं. ते नापास झालं. ल हाव्रला तो आराखडा आकाराने लहान होऊन, पण विचाराने तसाच, उभा राहिला.

पायाभरणी २१ ऑक्टोबर १९५१. पेरे फेब्रुवारी १९५४ मध्ये वारले, म्हणजे पूर्ण चर्च त्यांनी पाहिलंच नाही. रेमों ओदिजिए यांनी ते तडीला नेलं आणि १९५७ मध्ये बांधकाम संपलं. १९६५ मध्ये फ्रेंच सरकारने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. बांधून आठच वर्षं झालेली इमारत संरक्षित होणं ही फारच विरळा गोष्ट. २००५ मध्ये पुनर्बांधणी केलेला सगळा शहरभागच युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

एक कायदेशीर बारकावा, कारण दुरुस्तीचा खर्च कोण करतं हे त्यावर ठरतं. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्याने धर्म आणि राज्य वेगळं झालं. त्याआधी बांधलेली बहुतेक धर्मग्रामांची (पॅरिशची, म्हणजे एकेका परिसरातल्या कॅथलिक समाजाची) चर्चेस नगरपालिकांच्या मालकीची झाली आणि तिथल्या कॅथलिक समाजाला ती उपासनेसाठी वापरण्याचा हक्क राहिला. त्यानंतरची नवी चर्चेस धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या भागाच्या, संस्थेची. मात्र नगरपालिकेचं जुनं चर्च युद्धात गेलं आणि नुकसानभरपाईतून नवं उभं राहिलं, तर मालकी पूर्वीसारखीच. आपल्याकडे वसईत किंवा गोव्यात चर्चला गळती लागली तर धर्मगुरू आणि धर्मग्रामाची मंडळी वर्गणी काढतात; तिथे नगरपालिकेच्या वारसा विभागाला पत्र जातं.

आता इमारत. मनोऱ्याची एकूण उंची १०७ मीटर. खाली साधारण ४० मीटर बाजूचा, चारी दिशांना सारखा असलेला आराखडा, म्हणजे ग्रीक क्रुसाचा. त्यात २५ मीटर उंचीचे चौकोनी खांब, चार-चारच्या चार गटांत. एकूण सोळा. चारच जाड खांब का नाहीत? १०७ मीटरच्या मनोऱ्यावर, तेही समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात, मुख्य प्रश्न वजनाचा नसून कलंडण्याचा असतो. वारा ज्या बाजूने येतो तिथल्या खांबांवरचा भार हलका होतो, पलीकडच्या खांबांवरचा वाढतो. चार बारीक खांब वर-खाली बांधून घेतले की तो गट एकाच रुंद पायासारखा काम करतो, आणि तेवढंच काँक्रीट एकाच खांबात कोंबण्यापेक्षा जास्त ताठ राहतो. चौरंगाचे पाय मधोमध न ठेवता कोपऱ्यात ठेवतो, त्यातलंच तर्कशास्त्र. शिवाय चार खांबांच्या फटींतून नजर आरपार जाते. एकच जाडजूड खांब असता तर त्यामागे बसलेल्यांना वेदी दिसलीच नसती.

खांबांच्या वर खरी गंमत आहे. खालचा आराखडा चौकोनी आणि मनोरा अष्टकोनी. चौकोनात नियमित अष्टकोन बसवला तर अष्टकोनाची प्रत्येक बाजू चौकोनाच्या बाजूच्या ०.४१४ पट होते. चौकोन २० मीटरचा धरा: अष्टकोनाची बाजू ८.२८ मीटर, आणि दोन्ही टोकांना ५.८६ मीटर कोपरा कापला जातो. आठपैकी चार बाजू चौकोनाच्या कडेवर नीट टेकतात, उरलेल्या चार कोपऱ्यांत अधांतरी राहतात. ही अडचण जुनी आहे. विजापूरच्या गोलघुमटात एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी ती सोडवली आहे. पेरेंनी तिथे तिरके काँक्रीटचे दांडे घातले. खांबांच्या माथ्यापासून ते आत झुकत वर जातात आणि अष्टकोनाच्या कड्याला आधार देतात. तिरका दांडा भार घेताना आपल्या पायाशी बाहेर ढकलतो, छत्रीच्या काडीसारखा. ती ढकल आवरायला आडवे बीम लागतात. हे बीम आणि दांडे कुठल्याही छताआड लपवलेले नाहीत. वेदीजवळ उभं राहून मान वर केली की मनोऱ्याचा भार कुठल्या वाटेने खाली येतो ते बोट फिरवून दाखवता येतं. अभ्यासवहीत पहिलं रेखाटन याचंच करा, दर्शनी बाजूचं नंतर.

त्या अष्टकोनातून वर पाहिलं तर सलग पोकळी. मध्ये मजला नाही, झाकण नाही. जमिनीपासून मोजली तर आतली उंची ८० मीटरच्या पुढे जाते.

काचा १२,७६८. हा आकडा सगळीकडे सांगतात, पण त्यांचं वैशिष्ट्य संख्येत नाही. एकाही काचेवर संत नाही, प्रसंग नाही, चेहरा नाही. फुंकून केलेल्या रंगीत काचेचे तुकडे काँक्रीटच्या जाळीत भौमितिक नक्षीत बसवले आहेत. ह्युरेनी रंग दिशेप्रमाणे बदलले आणि वर जाता जाता ते फिके होत नेले. त्यामुळे सकाळी, दुपारी आणि सूर्य समुद्रात उतरताना आतला रंग वेगवेगळा असतो. या काचा म्हणजे 'दाल द व्हेर' नव्हेत, हा गोंधळ विद्यार्थी हमखास करतात. दाल द व्हेर म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर जाडीच्या काचेच्या लाद्या फोडून काँक्रीटमध्ये किंवा इपॉक्सीत ओतून बसवलेलं काम; युद्धानंतर युरोपभर ते लोकप्रिय होतं. त्यात काच आणि काँक्रीट एकजीव असतात, म्हणून एक तुकडा बदलायचा तर आजूबाजूचा पट्टा फोडावा लागतो. पातळ काच जाळीच्या खाचेत स्वतंत्र बसवलेली असेल तर एकेक तुकडा काढून घालता येतो.

पण त्याचेही त्रास आहेत. काच आणि काँक्रीट उन्हात सारखे फुगत नाहीत, म्हणून मधला सांधा लवचीक हवा. जुनी पुटी वाळून दगडासारखी झाली, किंवा कोणी 'पक्कं' करायच्या नादात खाच सिमेंटने भरली, की काच कोपऱ्यातून तडकते. तडा कोपऱ्यातून निघालेला दिसला तर सांध्यावर संशय घ्यायचा. मधोमध ताऱ्यासारखा फुटला असेल तर काहीतरी आदळलं आहे. सांध्यातून झिरपलेलं पाणी खालच्या आडव्या पट्टीवर साठतं, आणि जाळीतली सळई नेमकी तिथेच गंजायला लागते. आपल्याकडच्या सिमेंटच्या जाळ्या, जुन्या चाळींच्या जिन्यावरच्या, खालच्या पट्टीपासूनच का फुटतात त्याचं उत्तरही हेच.

वेदी मध्यभागी आहे, थेट मनोऱ्याखाली. १९५१ च्या हिशोबाने ही धाडसाची गोष्ट. त्या वेळी सर्वसाधारण रीत अशी की वेदी टोकाच्या भिंतीला, धर्मगुरू आणि लोक एकाच दिशेला तोंड करून, मिस्सा (कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी) लॅटिनमध्ये. उपासनेत लोकांचा सहभाग वाढावा ही चळवळ युरोपात आधीपासून होती आणि पोप बारावे पायस यांनी १९४७ च्या परिपत्रकात तिची दखलही घेतली, सावधगिरीच्या सुरात. पण नियम बदलले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेमुळे: उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा, आणि मुख्य वेदी भिंतीपासून सुटी, भोवती फिरता येईल आणि लोकांकडे तोंड करता येईल अशी असलेली बरी, हे सांगणारी सूचना २६ सप्टेंबर १९६४ ची. सेंट जोसेफ तोवर बांधून झालं होतं. इतर हजारो चर्चमध्ये पुढे वेदी ओढून आणावी लागली, जुनी मागे तशीच पडून राहिली. इथे ती मुळातच योग्य जागी होती. पेरे मोठे धार्मिक सुधारक होते असा याचा अर्थ नाही. मनोरा मधोमध असल्यावर वेदीलाही दुसरी जागा उरत नव्हती.

मध्यभागी वेदी ठेवली की दोन कटकटी येतात. नव्या चर्चचा आराखडा करणाऱ्याने त्या आधीच मोजायला हव्यात. पहिली: चारी बाजूंना लोक बसले तर धर्मगुरूची पाठ कोणाकडे तरी राहणारच. म्हणून प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तीन बाजूंना लोक आणि चौथीकडे गायकवृंद किंवा वाचनपीठ अशी मांडणी होते. सेंट जोसेफमधल्या खुर्च्या नाटकगृहासारख्या, बैठक दुमडणाऱ्या, लाकडी आहेत. बाकांच्या लांब रांगेत एकच मुख्य दिशा ठरून जाते, या खुर्च्यांनी तसं होत नाही.

दुसरी कटकट आवाजाची, आणि ती जास्त गंभीर. घुमण्याचा काळ (आवाज विरून जायला लागणारा वेळ) म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले आवाज शोषणारं क्षेत्रफळ. उदाहरणादाखल २०,००० घनमीटरची काँक्रीट-काचेची पोकळी घ्या, शोषण ६०० चौरस मीटर. घुमणं साधारण ५.४ सेकंद. ६०० माणसं आली, प्रत्येकी ०.४५ चौरस मीटर शोषण धरलं, की तो काळ ३.७ सेकंदांवर येतो. ऑर्गन आणि समूहगायनाला हे चालतं. प्रवचन स्पष्ट ऐकू यायला एक ते दीड सेकंद हवा. उपाय म्हणून लोक एकच मोठा स्पीकर वेदीजवळ लावून आवाज वाढवतात, आणि सगळं आणखी बिघडतं, कारण वाढवलेला आवाज वर मनोऱ्यात जाऊन परत येतो. छोटे स्पीकर, ऐकणाऱ्यांच्या जवळ, खाली रोखलेले, आणि लांबच्यांना विलंब दिलेला, हीच रीत कामाची. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ३० मीटरवरच्या स्पीकरला ८७ मिलिसेकंद विलंब द्यायचा, नाहीतर मागच्या रांगेत प्रत्येक शब्द दोनदा पोचतो.

आता काँक्रीट. पेरेंच्या कामात गिलावा नाही, फरशीचं आवरण नाही, रंग नाही. आपल्याकडे गिलाव्याआधी काँक्रीटला टाचे मारतात, गिलावा धरून राहावा म्हणून. पेरे टाचलेल्या पृष्ठभागालाच अखेरचं रूप मानत. दातेरी हातोड्याने वरची सिमेंटची साय काढली की आतली खडी दिसते आणि काँक्रीट दगडासारखं बोलू लागतं. खांबाच्या कडा मात्र ते दोन-तीन सेंटिमीटर गुळगुळीत सोडत, कारण कडेवर घाव घातला तर कोपरा उडतो. ल हाव्रमध्ये दोन्ही प्रकार पाहायला मिळतात: टाचलेलं, आणि शटरिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) फळ्यांचे ठसे तसेच ठेवलेलं. सेंट जोसेफच्या आत फळ्यांच्या रेषा स्पष्ट दिसतात, त्यांची रुंदी आणि दिशा पाहा. शटरिंग करणाऱ्या सुतारांचं काम तिथे कायमचं उमटलं आहे.

हे सौंदर्य फुकट मिळत नाही. सळईला गंजापासून वाचवतं ते काँक्रीटचं अल्कलीपण. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२.५ च्या आसपास किंवा वर असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि सामू ९ च्या खाली आणतो. याला कार्बोनेशन म्हणतात. तो सळईपर्यंत पोचला की तिचं संरक्षण संपतं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असतं, म्हणून वरचं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आतून ढकललं जाऊन खपलीसारखं निघतं.

कार्बोनेशनची खोली वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा, २० वर्षांत ते १० मिलिमीटर आत गेलं. कव्हर २५ मिलिमीटर असेल तर सळईपर्यंत पोचायला १२५ वर्षं. पण टाचताना ५ मिलिमीटर उडाले आणि कव्हर २० राहिलं, तर ८० वर्षं. पाच मिलिमीटरने ४५ वर्षं खाल्ली. त्या काळी दोन-अडीच सेंटिमीटर कव्हर पुष्कळ समजलं जाई. आज काँक्रीटसाठीच्या आपल्या आयएस ४५६ या भारतीय मानकात किनारी वातावरणासाठी ४५ मिलिमीटर आणि समुद्राचे तुषार उडणाऱ्या जागी ५० मिलिमीटर सांगितलं आहे, ते उगाच नाही.

मग सेंट जोसेफ टिकलं कसं? मला तीन कारणं दिसतात. एक म्हणजे त्याचे अवयव जाड आहेत. खांब आणि बीम भरीव, दाट काँक्रीटचे. दोन, बांधणारे लोक त्या कामात मुरलेले होते. खडीची प्रतवारी आणि कुटाई नीट झाली की भोकं राहत नाहीत आणि वर्षांचा तो हिशोब लांबतो. तिसरं कारण कमी सांगितलं जातं: पेरे उभ्या भिंतीवर पाणी रेंगाळू देत नसत. छज्जे, खिडकीखालचे पुढे आलेले कठडे, त्यांच्या खालच्या बाजूला पाणी तोडणारी खाच, हे सगळं त्यांनी जुन्या दगडी बांधकामातून जसंच्या तसं घेतलं. आधुनिक म्हणवणाऱ्या त्यांच्या अनेक समकालीनांनी सपाट भिंतीच्या हौसेपायी तेच काढून टाकलं, आणि त्यांच्या इमारतींवर काळे ओघळ लवकर उतरले. तरी सेंट जोसेफलाही या शतकाच्या सुरुवातीला मोठी दुरुस्ती लागलीच. समुद्र काही शे मीटरवर आहे, मीठ येतंच.

तुलनेला रॉयाँचं नोत्र-दाम घ्या. तेही फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं, फक्त अटलांटिकच्या, तेही बॉम्बवर्षावात (५ जानेवारी १९४५) उद्ध्वस्त झालेल्या गावातलं, १९५५ ते ५८ मध्ये बांधलेलं. वास्तुकार गियोम जिले. भिंती इंग्रजी व्ही आकाराच्या पातळ घड्यांच्या, छत खोगीरासारखं आणि जाडी जेमतेम ८ सेंटिमीटर. रचना म्हणून पेरेंपेक्षा धीट, आणि मला विचाराल तर आतून जास्त थरारकही. पण ८ सेंटिमीटरमध्ये सळईला कव्हर किती मिळणार? गंजाने तिथे फार लवकर आणि फार मोठं काम काढलं.

अशा काँक्रीटची दुरुस्ती कशी करतात ते सांगतो, कारण आपल्या किनारपट्टीवर चुका नेमक्या इथे होतात. आधी सगळा पृष्ठभाग हातोडीने हलके वाजवून पाहायचा. पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण. काही ठिकाणी छोटं भोक पाडून ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचा एक टक्क्याचा द्राव फवारायचा: गुलाबी झालं ते अजून अल्कली, पांढरं राहिलं ते कार्बोनेटेड. किनाऱ्यावर एवढ्याने भागत नाही, मिठातून येणारं क्लोराइडही मोजावं लागतं. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्यांच्या आसपास गेलं की धोका. अल्कलीपण शाबूत असतानाही क्लोराइड सळईला टोचून टोचून खातं, म्हणून नुसता गुलाबी रंग पाहून निर्धास्त व्हायचं नाही.

मग तोडकाम. खराब भागाची कड कटरने काटकोनात, किमान १० मिलिमीटर खोल कापायची. कडेला पातळ होत गेलेला थर वर्षभरात सुटतो. सळई नुसती उघडी करून थांबायचं नाही, तिच्या मागे बोट जाईल इतकी, २० ते २५ मिलिमीटर, जागा करायची. मागचा गंज राहिला तर सगळं काम वाया. सळई घासून लखलखीत. तिचा छेद १० टक्क्यांहून जास्त घटला असेल तर इंजिनिअरला दाखवून जोडसळई. त्यावर गंजरोधक लेप. जुनं काँक्रीट पाण्याने तृप्त पण वरून कोरडं असताना मसाला भरायचा आणि किमान सात दिवस ओलं ठेवायचं.

उघड्या काँक्रीटवर यापुढचं काम जास्त अवघड: ठिगळ दिसू न देणं. मूळ खडीचा रंग, आकार आणि प्रमाण जुळवून नमुन्याचे चौकोन करावे लागतात. ते किमान २८ दिवस वाळू द्यायचे, कारण ओलं सिमेंट रंगाबाबत खोटं बोलतं. मग टाचून किंवा फळीचा ठसा घेऊन शेजारी धरून पाहायचं, ऊन आणि सावली दोन्हीत. सिमेंट जास्त घालून 'मजबूत' केलेला मसाला सर्वांत घातक. तो आकसतो, कडेने सुटतो, रंगाने ठळक दिसतो. आणखी एक फसवी गोष्ट: दुरुस्त केलेल्या जागेभोवती वर्ष-दोन वर्षांत कडं धरल्यासारखा नवा गंज दिसतो. लोक कंत्राटदाराला दोष देतात. बहुधा कारण असं की क्लोराइड भरलेलं शेजारचं काँक्रीट तसंच ठेवलेलं असतं; आधी खराब जागा गंजत असल्याने शेजारची सळई वाचत होती, ती जागा दुरुस्त झाल्यावर गंजण्याची पाळी तिची. म्हणून दिसणाऱ्या खपलीपुरतं न थांबता क्लोराइडच्या नकाशाप्रमाणे तोडावं लागतं. आणि वरून ॲक्रिलिक रंग मारून सगळं एकसारखं करायचा मोह टाळावा. पेरेंच्या इमारतीत काँक्रीट हाच चेहरा आहे, रंगाखाली तो जातो.

दादरच्या पोर्तुगीज चर्चबद्दल. त्याचं नाव अवर लेडी ऑफ साल्वेशन. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ मध्ये तिथे चर्च स्थापन केलं. आजची इमारत वास्तुकार चार्ल्स कोरिया यांची, १९७४ ते ७७ ची. तुलना होऊ शकते, पण काँक्रीटसाठी नको. सेंट जोसेफने सगळं एका उभ्या पोकळीत गोळा केलं. कोरियांनी तेच चर्च तुकड्यांत मोडलं: काँक्रीटच्या कवचांची छतं आणि त्यांच्यामध्ये उघडी अंगणं, गरम हवा वरच्या तोंडातून बाहेर जावी म्हणून. वरून येणाऱ्या प्रकाशातली चित्रं एम. एफ. हुसेन यांची. एक व्हॅटिकन परिषदेच्या आधीचं, दुसरं नंतरचं. एक खाडीच्या थंड वाऱ्याला बंद, दुसरं मुंबईच्या उकाड्याला उघडं. दोन्हींत प्रकाश वरून येतो आणि दोन्हींत लांब सभागृहाचा आराखडा नाकारला आहे. प्रबंधात हा धागा धरा. दिसण्यातलं साम्य शोधत बसलात तर हाती फार लागणार नाही.

दोन दिवसांत सेंट जोसेफला दोनदा जा: एकदा सकाळी, एकदा सूर्यास्ताआधी दोन तास. ढगाळ दिवशी काचांचे रंग मंद होतात, पण काँक्रीटचा पोत तेव्हाच नीट दिसतो, त्यामुळे तो दिवस वाया जात नाही. छोटी दुर्बीण न्या. वरच्या काचा आणि तिरके दांडे डोळ्यांनी पुरत नाहीत. वाइड-अँगल लेन्सने मान वर करून काढलेला फोटो सगळेच काढतात, तुम्ही खांबांच्या एका गटाच्या मधल्या फटीतून वेदीकडे पाहत एक काढा. बाहेर आल्यावर समुद्राच्या बाजूने फिरून कठड्यांखालची पाणी तोडणारी खाच आणि तिच्या खालचा स्वच्छ पट्टा पाहा. जवळच पेरेंच्याच काळातल्या निवासी इमारती आहेत. शहराचा सगळा आराखडा ६.२४ मीटरच्या ठरीव मापावर बेतलेला आहे, ते माप खिडक्यांच्या ओळीत पावलांनी मोजता येतं. रविवारी मिस्सा असते, तेव्हा मागच्या रांगेत बसून प्रवचन किती कळतं ते ऐका, फ्रेंच येत नसलं तरी चालेल: शब्द सुटे ऐकू येतात की एकमेकांत मिसळतात, एवढंच टिपायचं आहे.